जुन्या संगणकास नवी प्रणाली : नवशिक्याने निवड कशी करावी

सन २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीची देखभाल थांबविली. ज्यांनी नोंदणी केली त्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पावेतो मुदतवाढ देण्यात आली. परंतु मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे, हे शेतसाऱ्याच्या नोंदी करण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांस तरी कोणी सांगावयास नको. पुढची विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर तिला टी.पी.एम. २.० नावाचा सुरक्षेचा भाग व साधारणतः २०१८ च्या पुढील प्रोसेसर पाहिजे. आमच्या अमरावती-अकोल्याकडे कास्तकारांच्या घरी जे संगणक आहेत ते पुष्कळदा मुलाच्या कॉलेजाच्या वेळी घेतलेले, दहा-बारा वर्षांचे जुने असतात. ते या अटींत बसत नाहीत.

दर्यापूर तालुक्यातील आमचे एक परिचित कास्तकार असाच एक लॅपटॉप धोतरजोडीच्या जुन्या कापडात गुंडाळून आमच्या घरी घेऊन आले. "भाऊसाहेब, दुकानवाला म्हणते, हे भंगारात द्या लागते आन् नवं घ्या लागते. तुमाले काय वाट्टे?" त्या यंत्रात त्यांचा दहा सालांचा कपाशी-तुरीच्या विक्रीचा हिशोब होता, सेवा सोसायटीच्या कर्जाचे उतारे होते, भावाभावांच्या वाटणीपत्राच्या छायाप्रती होत्या. यंत्र धडधाकट होते. पडदा स्वच्छ, कळा शाबूत. केवळ त्याच्या पोटातील प्रणालीची मुदत संपली म्हणून ते मोडीत काढावे, ही गोष्ट आम्हांस पटली नाही. नव्या लॅपटॉपास लागणारे तीस-चाळीस हजार रुपये नापिकीच्या सालात हलके नव्हेत. त्या दिवशी आम्ही त्यांस जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहो. आम्ही या विद्येचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण मराठी शाळेतील, इंग्रजी बेताचे. कचेरीत संगणक आले तेव्हा चाचपडत शिकलो आणि निवृत्तीनंतर फावल्या वेळात चार-सहा यंत्रांवर हे प्रयोग केले, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम प्रणाली म्हणजे काय ते पाहू. तहसील कचेरीत अर्जदार येतो तो थेट दप्तरखान्यात शिरत नाही. त्याचा अर्ज बारनिशीत चढतो, अव्वल कारकून तो ज्या त्या टेबलाकडे पाठवितो, कोणते दप्तर कोणी उघडावे व कोणी उघडू नये हे ठरवितो. संगणकातही कळफलक, पडदा, छापयंत्र आणि कागदपत्रांचा साठा यांच्यामध्ये बसून सर्वांस कामे वाटून देणारा एक अव्वल कारकून असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आम्ही येथे नुसते प्रणाली म्हणू. विंडोज ही अशा प्रणालींपैकी एक होय. पुष्कळांस संगणक म्हणजेच विंडोज असे वाटते, यात त्यांचा दोष नाही, एम.एस.-सी.आय.टी.ची जी परीक्षा आमच्यासारख्या सरकारी नोकरांस देणे भाग पडले, तीतही आम्हांस विंडोजच शिकविले गेले. परंतु वाचकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स नावाची खुली प्रणाली आहे. २०२१ पासून ज्या फोनवरून आपण ई-पीक पाहणीची नोंद करीत आहात, तो बहुधा याच जातीचा. म्हणजे लिनक्स आपल्या घरात केव्हाच आलेले आहे.

खुली प्रणाली म्हणजे काय, हे शेतकऱ्यास बियाण्यावरून जितके चटकन समजेल तितके शहरवासीयास समजणार नाही. बीटी कपाशीस आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. तिचे संकरित बियाणे आपण दर साली पाकिटातून घेतो. त्या पिकाची सरकी पुढच्या साली पेरली तर तसे पीक येत नाही, आणि पाकिटात काय घातले आहे हे पाहण्याची सोय आपणास नाही. सोयाबीनचे तसे नाही. जे.एस. ३३५ हा जबलपूरचा सरळ वाण एकदा घरी आला म्हणजे त्याचेच निवडक दाणे राखून पुढे दोन-तीन साले पेरता येतात, शेजाऱ्यास देता येतात. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्या-घेण्याचा आपला हक्क मान्य केलेला आहे. कंपनीच्या छापाखाली ते विकू नये एवढीच मर्यादा. लिनक्स ज्या परवान्याखाली दिले जाते त्याचे मर्म हेच आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली खुल्या प्रणालीचा संकल्प जाहीर केला व १९८९ साली त्या परवान्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यान्वये प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, तीत फेरफार करावा, प्रती वाटाव्या. मात्र फेरफार केलेली प्रत दुसऱ्यास दिली तर त्यासही हेच हक्क द्यावे.

प्रणालीचा गाभा लिहिला तो फिनलंड देशातील हेलसिंकी विश्वविद्यालयाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने, १९९१ साली. याच १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, भारतीय लिपींच्या संगणकीय नोंदीचे सरकारी मानक ठरले, आणि जगातील सर्व लिपींस एका यादीत बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. मराठी माणसाच्या संगणकाच्या पत्रिकेत हे साल मोठे योगाचे म्हणावयाचे. असो.

फुकट मिळणाऱ्या मालाबद्दल शेतकऱ्यास शंका येते, व ती यावीच. फुकटचे ते पौष्टिक असे म्हणणारा मनुष्य दवाखान्यात लवकर जातो. परंतु येथे खर्च कोण करतो हे उघड आहे. रेड हॅट व कॅनॉनिकल यांसारख्या कंपन्या मोठ्या कारखान्यांस व बँकांस सेवा विकून पैसा मिळवितात. काही प्रणाली वापरणारांच्या देणग्यांवर चालतात. मालाची प्रत पाहावयाची तर नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. तेव्हा कमअस्सल म्हणून फुकट, असा हा प्रकार नाही.

नवशिक्या गोंधळतो तो येथून पुढे. लिनक्स म्हणून एखादी वस्तू मागावयास जावे, तर शेकडो नावे समोर येतात. यात भिण्याचे कारण नाही. गाभा एकच, त्यावर कोणी कोणते सामान चढविले, पडद्याची मांडणी कशी केली, देखभाल किती वर्षे पत्करली, यांवरून वाण निराळे पडतात. वारस फेरफारात जशी वंशावळ काढतो तशी काढली म्हणजे गुंता सुटतो. एक मूळ घर डेबियनचे, १९९३ सालचे. ते कोणा कंपनीचे नसून जगभरच्या स्वयंसेवकांचे आहे. त्याच्या पोटी २००४ साली उबुंटू झाले. उबुंटूच्या पोटी २००६ साली लिनक्स मिंट. डेबियनच्याच पोटी आपल्या सी-डॅकने २००७ साली बॉस नावाचे भारतीय वाण काढले. दुसरे मोठे घर रेड हॅटचे. त्यातून फेडोरा निघाले. नवशिक्याचे काम या दोन घरांबाहेर पडत नाही, किंबहुना पहिल्या घरातच भागते.

आता निवड. आम्हांस जो तो विचारतो, सर्वांत उत्तम प्रणाली कोणती? हा प्रश्न, सर्वांत उत्तम पीक कोणते, असा आहे. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा डोलतात, म्हणून दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात कोणी संत्रा लावीत नाही. तेथील जमिनीखालचे पाणीच त्यास मानवत नाही. प्रथम जमीन पाहावी, मग घरात काय लागते ते पाहावे, मग अडल्या वेळी ज्यास विचारता येईल असा मनुष्य कोठे आहे ते पाहावे. वाणाचे नाव सर्वांत शेवटी.

संगणकाची जमीन म्हणजे मुख्यतः त्याची रॅम, त्याची डिस्क व त्याचा प्रोसेसर. विंडोजमध्ये 'धिस पीसी' या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले असता रॅम किती जी.बी.ची आहे व यंत्र ६४ बिटांचे की ३२ बिटांचे हे दिसते. ते कागदावर उतरवून घ्यावे. यंत्र ६४ बिटांचे व रॅम ८ जी.बी. असेल तर ती काळी कसदार जमीन. कोणतेही वाण येईल. रॅम ४ जी.बी. असेल तर मध्यम जमीन. येथे हलक्या मांडणीचे वाण घ्यावे. २ जी.बी. म्हणजे बरड, येथे अगदी हलके वाण टाकावे आणि एका वेळी एकच काम करण्याची सवय ठेवावी. ३२ बिटांच्या यंत्रांस मुख्य वाणांनी एकामागून एक सोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनेही त्यांच्यासाठी नवी प्रतिष्ठापना देण्याचे बंद केले. असल्या यंत्रावर नवशिक्याने श्रम करू नयेत, असे आमचे मत आहे.

डिस्कबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जुन्या लॅपटॉपात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती काढून तिच्या जागी एस.एस.डी. बसविली असता यंत्राचा जो कायापालट होतो, तो दुसऱ्या कशानेही होत नाही. भारी जमिनीत खताच्या पोत्यांपेक्षा एक चर खोदून पाण्याचा निचरा केला म्हणजे पीक उठते, त्यातलाच हा प्रकार. दर्यापूरच्या त्या गृहस्थांस आम्ही पहिला खर्च हाच करावयास लावला. शिवाय जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात राहिली, हा दुसरा लाभ. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

जमिनीनंतर काम. एक आठवडाभर घरातील कोणी संगणकावर काय केले हे वहीत टिपून ठेवावे. आमचा अनुभव असा की, शेतकऱ्याच्या घरचे बहुतेक काम ब्राउझरमध्येच होते. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये भरून काढणे, योजनांचे अर्ज, बँक, बाजारभाव, मुलांचे निकाल. हे सर्व फायरफॉक्स अथवा क्रोम यांत होते, व ते दोन्ही लिनक्सवर आहेत. पत्रे व हिशोबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस येते. ते वर्ड व एक्सेलच्या फायली उघडते. साधे तक्ते बिनचूक उघडतात. ज्यात कोणी हुशार मनुष्याने मॅक्रो घालून ठेवले आहेत ते मात्र पुष्कळदा अडतात.

अडचण आहे ती तीन ठिकाणी, व ती लपविणे म्हणजे वाचकांस फसविणे होय. ज्यांचे घरी आडत अथवा कृषी केंद्राचे दुकान असून हिशोब टॅलीवर आहे, त्यांनी ते यंत्र विंडोजवरच ठेवावे. टॅली लिनक्ससाठी निघत नाही, व जोडतोड करून चालविणे नवशिक्याचे काम नव्हे. ज्यांस निविदा किंवा कराच्या विवरणपत्रांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे यू.एस.बी. टोकन लागते, त्यांनी त्या टोकनाचे लिनक्सवरील चालकसाहित्य मिळते की नाही हे पुरवठादारास आधी विचारावे. तिसरे छापयंत्र. काही छापयंत्रे लावताक्षणीच चालू लागतात. काही जुनी लहान लेसर यंत्रे मात्र हटवादी असतात, व त्यांपायी दोन-दोन दिवस जातात. त्याचा उपाय पुढे सांगतो.

मराठीविषयी थोडे अधिक लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण या बाबतीत आम्ही पोळलेले आहो. आम्ही नोकरीत असता एका कचेरीत अनेक वर्षांचा पत्रव्यवहार एका जुन्या खाजगी फॉन्टात टंकलेला होता. संगणक बदलले, तो फॉन्ट नव्या यंत्रावर कोणी चढविला नाही, आणि एके दिवशी एका कास्तकाराच्या अपिलासाठी जुने पत्र उघडले तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे व टिंबे यांचा चिवडा. अक्षरे पुसली नव्हती. ती वाचणारी किल्ली हरवली होती. तो बिचारा तीन वेळा तालुक्यास हेलपाटे घालून गेला. तेव्हापासून आम्ही युनिकोडवाचून दुसऱ्या कशात एक ओळ लिहीत नाही. युनिकोडात लिहिलेले मराठी कोणत्याही प्रणालीवर मराठीच दिसते. ज्यांच्या जुन्या फायली कृतिदेव, सुरेख, श्रीलिपी इत्यादी फॉन्टांत आहेत, त्यांनी विंडोज पुसण्यापूर्वी त्या फॉन्टांच्या फायलीही राखून ठेवाव्या. त्या लिनक्सवर चढविता येतात व जुना मजकूर वाचता येतो. पुढे सवडीने तो युनिकोडात उतरवून घ्यावा.

लिनक्सवर मराठी बरोबर उमटते की नाही, याची परीक्षा आपल्या प्रांताच्या नावानेच करता येते. 'वऱ्हाड' हा शब्द टंकून पाहावा. त्यातील अर्धा र हिंदीत नाही. तो मराठीचा खास आहे. कळफलकांच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट निवडावा, आणि इंग्रजी बी, मग शिफ्टसह जे, मग डी, यू, ई व शेवटी चौकोनी उघडा कंस, अशा कळा क्रमाने दाबाव्या. पडद्यावर 'वऱ्हाड' नीट उमटले, आणि तसेच 'शेतकऱ्याची पऱ्हाटी' व 'केळीचे वावर' हेही उमटले, म्हणजे त्या यंत्रावर मराठीचे काम झाले. ज्यांस इन्स्क्रिप्ट येत नाही, त्यांस इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहिण्याचीही सोय आहे. तथापि इन्स्क्रिप्ट शिकावयास पंधरवड्याहून अधिक लागत नाही. आम्ही पन्नाशीत शिकलो. पडद्यावरील सूचना मराठीत करून घेता येतात, परंतु भाषांतर सर्वत्र पूर्ण नाही. निम्मे मराठी व निम्मे इंग्रजी पाहून घोटाळा होतो. सबब आरंभी सूचना इंग्रजीत व लेखन मराठीत, हीच वाट बरी.

आता वाणाचे नाव. रॅम ४ जी.बी. किंवा अधिक असलेल्या ६४ बिटांच्या यंत्रास, पहिल्यानेच लिनक्सकडे येणाऱ्या कास्तकाराने लिनक्स मिंट घ्यावे, अशी आमची शिफारस आहे. त्याची मांडणी जुन्या विंडोजसारखी. खाली डाव्या कोपऱ्यात सूची, तेथूनच सर्व कारभार. त्याच्या बाविसाव्या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत आहे. त्यात सिनॅमन, माटे व एक्सएफसीई अशा तीन मांडण्या मिळतात; ८ जी.बी.च्या यंत्रास सिनॅमन, ४ जी.बी.च्यास एक्सएफसीई घ्यावी. माटेवाल्यांचे आमच्याशी भांडण नाही, परंतु नवशिक्यास दोन पर्याय पुरे. २ जी.बी.च्या यंत्रास लुबुंटू पाहावे. ते उबुंटूचेच हलके भावंड आहे.

उबुंटू स्वतः चांगले व सर्वांत परिचित. त्याची दर सम सालच्या एप्रिलात निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्यावी, हिला पाच वर्षे देखभाल असते. मधल्या आवृत्त्यांची देखभाल नऊ महिन्यांतच संपते. त्याची मांडणी विंडोजहून वेगळी असल्याने म्हाताऱ्या माणसांची मात्र चुकामूक होते. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिन्यांनी जुनी पडते, म्हणजे दर साली नांगरटी. ज्याचा मुलगा या विद्येत आहे त्यानेच ते करावे. डेबियन म्हणजे जुना खात्रीचा माणूस, बोलणे कमी, काम पक्के. दुसऱ्या वर्षी अवश्य पाहावे. बॉसबद्दल आम्हांस आपलेपणा आहे. भारतीय भाषांचा विचार त्यात आरंभापासून केलेला असून मराठी त्यात आहेच. परंतु घरी एकट्याने शिकणाऱ्यास अडचण आली असता, तीच अडचण पूर्वी ज्यांस आली असे लोक जितके अधिक तितके उत्तर लवकर सापडते, आणि असे लोक मिंट व उबुंटू यांचे फार अधिक आहेत. एवढ्याच कारणास्तव आम्ही बॉस पहिल्या निवडीत घातले नाही. जेथे सरकारी माणूस येऊन ते बसवून व सांभाळून देतो, तेथे ते खुशाल घ्यावे.

हे सर्व वाचूनही निवड एकदम पक्की करू नये. सोयाबीनचे घरचे बी पेरण्यापूर्वी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आणि सत्तर किंवा अधिक उगवले तरच ते बी वावरात नेतो. लिनक्सची उगवणशक्ती तपासण्याची अशीच बिनखर्ची रीत आहे. ८ जी.बी.चा एक कोरा पेनड्राइव्ह घ्यावा. मिंटच्या मूळ संकेतस्थळावरून सुमारे ३ जी.बी.ची फाईल उतरवावी. दुसऱ्या कोठून घेऊ नये. रूफस नावाच्या मोफत साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. त्यावर पूर्वीचे जे असेल ते पुसले जाते. मग संगणक बंद करून, पेनड्राइव्ह लावून, सुरू करतेवेळी एफ १२, एफ ९ किंवा एस्केप अशी त्या त्या कंपनीच्या यंत्राची ठराविक कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. दोन-तीन मिनिटांत लिनक्स पडद्यावर येते, आणि आतील विंडोजला धक्काही लागत नाही. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले की पूर्ववत विंडोज.

या अवस्थेत निदान दोन दिवस, घरच्या सर्वांस घेऊन, परीक्षा करावी. वाय-फाय लागते का. जुन्या यंत्रांत येथेच पहिला अडथळा येतो. आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. सातबारा निघतो का. आपलेच छापयंत्र जोडून तो कागदावर छापावा. हटवादी छापयंत्राची ओळख येथेच पटते. मघाशी सांगितलेले 'वऱ्हाड' टंकावे. पेनड्राइव्हवरून चालताना वेग मंद वाटतो, तो दोष धरू नये. काही अडले तर दुसरे वाण त्याच पेनड्राइव्हवर चढवून पाहावे. खर्च एका संध्याकाळचा.

येथे आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही आमच्या वडील बंधूंच्या संगणकावर मिंट बसविण्यास गेलो. परीक्षा उत्तम झाली होती. बसविताना प्रणाली विचारते की, विंडोजच्या शेजारी जागा करून घेऊ, की सर्व डिस्क पुसून बसू? आम्ही बोलता बोलता दुसरा पर्याय दाबला. दहा मिनिटांनी लक्षात आले. त्या डिस्कवर आमच्या वडिलांच्या हातचे शेताच्या मोजणीचे टिपण, विहिरीच्या हिश्शाचा करार व आजोबांच्या वेळची एक मोडी पावती यांच्या छायाप्रती होत्या. मूळ कागदांस वाळवी लागली म्हणूनच त्या काढून ठेवल्या होत्या. अमरावतीस जाणकाराकडे डिस्क नेली. लग्नाची काही छायाचित्रे परत मिळाली, कागद मिळाले नाहीत. दादांनी एवढेच विचारले, "विहिरीचाही गेला का?" आणि गोठ्याकडे निघून गेले. त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून पुढे भाऊबंदांत बोलाचाली झाली, तेव्हा दाखवावयास आमच्यापाशी कागद नव्हता. चूक प्रणालीची नव्हे, आमची होती.

म्हणून बसविण्याच्या आदल्या दिवशी सर्व फायली एका बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्या, आणि तेथून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. उतरल्या असे समजणे व उघडून पाहणे यांत फार अंतर आहे. त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे अथवा मुलाकडे ठेवावी. विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप लागलेले असेल तर त्याची किल्ली, जो लांबलचक आकडा असतो, तो कागदावर लिहून ठेवावा. ज्यांस एस.एस.डी. बसविणे परवडते, त्यांनी जुनी डिस्क काढून तशीच राखावी आणि लिनक्स नव्या डिस्कवर घालावे. यासारखी बिनघोर रीत दुसरी नाही. ते न परवडल्यास शेजारी जागा करण्याचा पर्याय घ्यावा, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोज की लिनक्स असे विचारते. मात्र मुदत संपलेल्या विंडोजमधून बँकेचा व्यवहार करू नये.

राहता राहिला अडल्या वेळचा माणूस. आपल्या गावात किंवा तालुक्यास कोणी लिनक्स वापरणारा असेल, तर तो जे वाण वापरतो तेच आपण घ्यावे, मग आमची शिफारस निराळी का असेना. शेजारचा माहीतगार शंभर कोस दूरच्या पंडितापेक्षा बरा. अभियांत्रिकी कॉलेजात जाणाऱ्या मुलांत असा एखादा हमखास सापडतो. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरियल या नावाने लिनक्स व लिबरऑफिस यांचे पाठ तयार केले आहेत. त्यांत मराठीतून बोललेले पाठही असून ते मोफत पाहता येतात. पाठ पाहताना थांबवून थांबवून आपल्या यंत्रावर तसे करीत जावे.

दर्यापूरच्या त्या लॅपटॉपाचे असे झाले : रॅम ४ जी.बी. होती, डिस्क बदलली, मिंटची एक्सएफसीई मांडणी घातली. छापयंत्र पहिल्या दिवशी चालले नाही. त्यांच्या पुतण्याने दुसऱ्या दिवशी चालविले. जुने हिशोब लिबरऑफिसात उघडले, फक्त एका तक्त्यातील बेरजेचे सूत्र पुन्हा घालावे लागले. पासवर्ड त्यांनी पंचांगाच्या मागील पानावर लिहिला होता, तो आम्ही तेथून खोडून घरच्या खतावणीत लिहावयास लावला. पंचांग दर पाडव्यास बदलते.